एकाच काट्यावर दोन देश

हिवाळ्यात रात्रीच्या ओलिताला निघालेल्या माणसाच्या हातात आमच्या गावाकडे तीन वस्तू असत. फावडे, बॅटरी आणि ट्रान्झिस्टर. फावडे पाणी वळवायला, बॅटरी साप-विंचू दिसावा म्हणून आणि ट्रान्झिस्टर डोळा लागू नये म्हणून. वीज रात्रीची, आणि तीही किती वाजता येईल हे देवालाच ठाऊक. ती आली की मोटार सुरू करायची आणि हरभऱ्याच्या एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी फिरवत पहाट गाठायची. गाव आसेगाव, तालुका मंगरुळपीर. आज जिल्हा वाशीम. पण ही गोष्ट १ जुलै १९९८ च्या आधीची, म्हणजे तेव्हाचा जिल्हा अकोला.

धुऱ्यावर पोत्याची घडी, घडीवर ट्रान्झिस्टर आणि त्यावर नागपूर लावलेले. दिवस मावळेपर्यंत आवाज कसा खणखणीत असे. रात्र चढू लागली की मात्र नागपूरच्या आवाजाखालून दुसराच कोणीतरी बोलू लागे. आधी फार लांबून, मग जवळून, मग पुन्हा लांबून. बोली उर्दू. मध्येच एखादी गझल तरंगत येई आणि शेवटचा शब्द ऐकू येण्याआधी बुडून जाई. मग आमचे आबा पाण्यातून वर येत, चिखलाचा हात धोतराला पुसत आणि ट्रान्झिस्टर उचलून थोडा फिरवून ठेवत. “तोंड नागपूराकडं पाह्यजे त्याचं. मंग बराबर बोलते,” हे त्यांचे शास्त्र. आणि खरोखरच तो दुसरा माणूस मुकाट्याने मागे सरके.

तो कोण, यावर पारावर बरीच चर्चा होई. कोणी म्हणे मुंबईचा उर्दू कार्यक्रम, कोणी म्हणे सिलोन, आणि एका गृहस्थांची तर खात्रीच होती की ही हेरांची सांकेतिक भाषा आहे. तो इस्लामाबादचा आहे आणि तो चोरून आमच्या स्टेशनात घुसलेला नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आकाशवाणी नागपूरचे ‘अ’ केंद्र मध्यमलहरींवर ५८५ किलोहर्ट्झवर बोलते. रेडिओ पाकिस्तानच्या इस्लामाबाद केंद्राला मिळालेला आकडाही ५८५ च. सौदी अरेबियाचे रियाध आणि स्पेनचे माद्रिद हेही याच आकड्यावर नोंदलेले. चार देश, चार भाषा, आणि रेडिओच्या पट्टीवर काटा मात्र एकाच ठिकाणी.

आसेगावचे नशीब असे की त्याला ज्या दोन मोठ्या केंद्रांचा आधार, त्या दोघांच्याही वाट्याला असा सोबती आला. एक नागपूर, सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. दुसरे परभणी, सव्वाशेच्या आत. परभणीचे वीस किलोवॅटचे केंद्र १३०५ वर, आणि सिंधमधले लारकानाही १३०५ वर. ज्या लारकानाच्या परिसरात मोहेंजोदडो आहे आणि जे भुत्तो घराण्याचे गाव म्हणून आपण वर्तमानपत्रांतून वाचत आलो, तेच हे लारकाना. परभणीच्या केंद्रावर कपाशीवरच्या बोंडअळीची चर्चा चालावी आणि त्याच आकड्यावर हजार-बाराशे किलोमीटरवरच्या लारकानात सिंधी गाणे लागावे! दोन्ही गावांतल्या शेतकऱ्यांना एकमेकांचा पत्ताही नाही. आपल्याकडची अशी आणखी एक जोडी म्हणजे १००८ वरचे कोलकात्याचे ‘ब’ केंद्र आणि सिंधमधले हैदराबाद.

हे दिवसा का होत नाही, याचे उत्तर जमिनीवर नाही, वर आभाळात आहे. उन्हामुळे वातावरणात साधारण साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो. मध्यमलहरी वर जाऊ लागल्या की हा थर त्यांना पिऊन टाकतो. त्यामुळे दिवसा जमिनीच्या अंगाने सरपटत येणारी लहर तेवढी आपल्यापर्यंत पोहोचते, आणि ती नागपूरची असते, इस्लामाबादची नसते. सूर्य मावळला की हा खालचा थर विरून जातो. त्याच्या वरचे, शंभर किलोमीटरपासून पुढे असलेले थर मात्र रात्रीही टिकतात. लहर त्यांच्यावर जाऊन आदळते आणि पुन्हा खाली येते, ती हजार-दीड हजार किलोमीटरवर. इंग्लंडमध्ये ॲपलटन यांनी १९२४ मध्ये बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या मदतीने हा आभाळातला आरसा सिद्ध केला आणि १९४७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्र यांनी १९३० च्या सुमारास याच थरांवर प्रयोग केले आणि १९४७ मध्ये वरच्या वातावरणावर जो ग्रंथ लिहिला, तो जगभर प्रमाण मानला गेला. आपल्या शाळेतल्या पुस्तकांत त्यांचे नाव क्वचितच दिसते. असो.

हा आरसा घट्ट बसवलेला नसतो. तो हलतो, सुरकुततो, वरखाली होतो. म्हणून तो उर्दू आवाज जवळ येई आणि लांब जाई. त्यातून हिवाळ्याची रात्र लांब, विजांचा कडकडाट नाही, आभाळ स्वच्छ. रब्बीच्या ओलिताचा हंगाम आणि दूरची स्टेशने लागण्याचा हंगाम एकच, हा योगायोग मोठा गोड आहे.

आणि आबांचे शास्त्र? ते अगदी बरोबर होते. ट्रान्झिस्टरच्या पोटात मध्यमलहरींसाठी एक काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. ही कांडी रेडिओच्या लांबीत आडवी बसवलेली असते. तिच्या बाजूने येणारी लहर ती चांगली पकडते. टोकाकडून येणारी लहर तिला फारशी लागत नाही. आसेगावाहून नागपूर पूर्वेला, थोडे उत्तरेकडे झुकलेले. इस्लामाबाद उत्तरेला, थोडे पश्चिमेकडे. दोन दिशांमध्ये जवळजवळ काटकोन. म्हणजे रेडिओचे तोंड नागपूरकडे केले की त्याचा खांदा आपोआप इस्लामाबादकडे येतो. परभणी आणि लारकाना यांचाही असाच काटकोन जुळतो. आबा चौथी शिकलेले. मी पुढे नकाशावर पट्टी आणि कोनमापक ठेवून बसलो तेव्हा त्यांच्या हाताला माहीत असलेली गोष्ट माझ्या डोक्याला पटली.

आता प्रश्न असा, की इतक्या मोठ्या आकाशात दोघांना एकच आकडा द्यायची वेळ का यावी? कारण आकाश मोठे असले तरी पट्टी लहान आहे. आपल्या रेडिओवरची मध्यमलहरींची पट्टी ५३१ किलोहर्ट्झपासून १६०२ पर्यंत. दोन केंद्रांमध्ये नऊचे अंतर सोडायचे म्हटले की जागा होतात एकशेवीस. या एकशेवीस जागांत आशिया, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाची हजारो केंद्रे बसवायची. वाचकांनी एक गंमत करून पाहावी. कोणत्याही केंद्राचा आकडा घ्या आणि त्यातल्या अंकांची बेरीज करा. नागपूर ५८५: बेरीज अठरा. परभणी १३०५: नऊ. पुणे ७९२, जळगाव ९६३, मुंबई ‘ब’ ५५८: सगळे अठरा. सांगली १२५१, रत्नागिरी ११४३: नऊ. सगळी केंद्रे नऊच्या पाढ्यातली.

हा पाढा एका दिवसात लागू झाला. त्याआधी युरोप-आफ्रिकेत नऊचे अंतर पाळले जाई आणि आशियात दहाचे. त्यामुळे दोन्ही खंडांच्या लहरी रात्री एकमेकींवर आल्या की थोड्याशा फरकाने शेजारी पडत आणि कानात शिट्टी वाजे. जुन्या रेडिओची ती कुईऽऽ करणारी शिट्टी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना निराळे सांगायला नको. यावर तोड काढायला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने १९७५ मध्ये जिनिव्हाला परिषद भरवली. ही संघटना १८६५ सालची आणि भारत तिचा सभासद १८६९ पासून. म्हणजे तारायंत्राच्या जमान्यापासून आपण या पंगतीत आहोत. २२ नोव्हेंबर १९७५ ला करार झाला आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून तो अमलात आला. त्या दिवशी देशोदेशीच्या केंद्रांनी आपापले काटे सरकवले. अमेरिका खंड तेवढा दहाच्या पाढ्यावर राहिला, तो आजही आहे.

करार झाला ते वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. १९७१ चे युद्ध होऊन चार वर्षे झाली होती. भारत आणि पाकिस्तान यांचे राजनैतिक संबंध तेव्हा तुटलेलेच होते. ते पुन्हा जुळले १९७६ मध्ये. एकमेकांच्या राजधानीत राजदूत नाही, आणि जिनिव्हात मात्र एकाच यादीत दोघांची केंद्रे, प्रत्येकाच्या नावापुढे आकडा, शक्ती, जागा. बसायला एक टेबल पुरत नसेल, पण आभाळातली एक जागा दोघांना पुरवून घ्यावी लागली. पुढे १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी आपल्याकडे केबलवरून पाकिस्तानी दूरचित्रवाणी दाखवायला बंदी झाली. केबल कापता येते. रात्रीच्या लहरीचे काय करणार? तिच्यावर गोंगाट सोडून ती बुजवता येते, शीतयुद्धात ते सर्रास चाले, पण एकाच आकड्यावर तुमचेही केंद्र असेल तर तो गोंगाट आधी तुमच्याच श्रोत्याच्या कानात शिरणार.

खेड्यातल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. सामाईक विहीर कोणाला माहीत नाही? आजोबांची विहीर एक, नातू चार. सातबाऱ्यावर प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेला असतो आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. भाऊ एकमेकांशी बोलत नसले, कोर्टात तारखा सुरू असल्या तरी पाळी मोडत नाही; कारण ती मोडली तर दोघांचाही हरभरा वाळतो. मध्यमलहरींचा हा करार थेट तसाच आहे. किती शक्तीने बोलायचे, मनोऱ्यांची रचना कशी ठेवायची, कोणत्या दिशेला जोर लावायचा, रात्री आवाज किती खाली आणायचा, हे सगळे त्या वाटणीचे नियम. कुरबुरी होतात, कोणी थोडे जास्त पाणी ओढतो, पण विहीर बुजत नाही.

आणि सामाईक विहिरीचा आणखी एक नियम सगळ्यांना पाठ असतो. तुमची पाळी तुम्ही सोडली तर पाणी विहिरीत साठून राहत नाही. ते दुसऱ्याच्या वावरात जाते.

या लेखाचे निमित्त हेच आहे. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने आपले अनेक मध्यमलहरी प्रक्षेपक बंद केले. कमी शक्तीचे आणि जुने झालेले आधी गेले. विदर्भाच्या वाचकांना एक मोठे उदाहरण आठवेल. १८ मे १९८८ ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. कार्यक्रम दिल्लीहून, पण तो देशभर रात्रभर पोहोचवणारा मुख्य प्रक्षेपक नागपूरचा, १५६६ किलोहर्ट्झवर, तब्बल एक हजार किलोवॅटचा. संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी ती वाहिनी ट्रकचालकांची, रखवालदारांची, रेल्वेच्या रात्रपाळीची आणि जागलीला बसलेल्या शेतकऱ्यांची होती. याच १५६६ वर दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचे एक केंद्र आहे, आपल्यापासून जवळपास पाच हजार किलोमीटरवर, आणि पश्चिम आफ्रिकेत बेनिनमध्येही एक आहे. दूरची स्टेशने पकडण्याचा छंद असलेली मंडळी जगभर आहेत. कोणते केंद्र किती वाजता, कसे ऐकू आले याचा अहवाल ती त्या केंद्राला पाठवतात आणि उत्तरादाखल आलेली कार्डे पोस्टाच्या तिकिटांसारखी जपतात. अशा छंदिष्टांच्या नकाशावर नागपूर हे नाव होते. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय वाहिनी बंद करण्यात आली.

बंद करणाऱ्यांची बाजू नाही असे नाही, आणि ती नीट ऐकली पाहिजे. मध्यमलहरींचा प्रक्षेपक म्हणजे पांढरा हत्ती. शेकडो किलोवॅटचे विजेचे बिल, कित्येक एकर जमीन, उंच मनोरे, आणि जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळेनासे झालेले. श्रोता एफएमकडे गेला, मग मोबाइलकडे. आवाजाच्या गोडव्यात मध्यमलहर एफएमसमोर उभी राहू शकत नाही, हे संगीताचे शौकीनच काय, शाळकरी पोरही सांगेल. जगाचा कलही तोच. जर्मनी आणि फ्रान्सच्या सार्वजनिक रेडिओने २०१५ च्या अखेरीस मध्यमलहरी जवळजवळ आवरत्या घेतल्या, इटलीने सप्टेंबर २०२२ मध्ये. जपानच्या बहुतेक खासगी केंद्रांनीही २०२१ मध्ये एफएमकडे वळण्याचा मनोदय जाहीर केला. मग आपणच का चिकटून बसायचे?

याचे उत्तर भूगोलात आहे. जर्मनी-फ्रान्सने मध्यमलहर सोडली तेव्हा गावोगाव एफएम पोहोचलेले होते. आपल्याकडे आकाशवाणी अभिमानाने सांगत आली, की तिचा आवाज देशाच्या सुमारे ९२ टक्के भूभागावर आणि ९९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्येपर्यंत जातो. तो आकडा एफएमच्या जोरावर उभा राहिलेला नाही; तो मध्यमलहरींच्या खांद्यावर आहे. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, नजर जाते तिथवर. मध्ये डोंगर आला की थबकते. वाशीम जिल्हा पठारावर आहे, जुन्या वऱ्हाडाच्या भाषेत बालाघाटात. अकोला खाली पूर्णेच्या सपाटीवर, पायनघाटात. मध्ये पातूरचा घाट. अकोल्याला आकाशवाणीचे एफएम केंद्र आहे आणि ते अकोल्याला छान लागते. पण घाट चढून साठ किलोमीटरवरच्या आसेगावच्या शिवारात ते त्याच रुबाबात यावे ही अपेक्षा त्या लहरीच्या स्वभावाविरुद्ध आहे. मध्यमलहर जमिनीला धरून चालते. घाट, नाला, पळसाचे रान, तिला सगळे सारखे. नागपूरचा एक तीनशे किलोवॅटचा मनोरा जे काम करतो त्यासाठी एफएमचे किती मनोरे लागतील आणि त्यांच्या वीजबिलाची, राखणीची, दुरुस्तीची बेरीज किती होईल, हा हिशेब एकदा जाहीरपणे मांडला जावा.

मोबाइलवर सगळी केंद्रे ऐकू येतात, असे शहरातली मंडळी सांगतात. येतात, रिचार्ज असेल आणि रेंज असेल तर. आणि अडचण तर नेमकी तेव्हाच येते जेव्हा या दोन्ही गोष्टी नसतात. २६ जुलै २००५ ला मुंबईसारख्या शहरात मोबाइल मुके झाले होते. बरे, मोबाइलच्या अंगभूत रेडिओत एफएम असेल, मध्यमलहर नसते. त्या काळ्या कांडीला त्या चपट्या डबीत जागाच नाही. बाजारात चांगला ट्रान्झिस्टर शोधायला गेले तर दुकानदार कपाटाच्या तळातून धूळ झटकून एखादा काढतो. म्हणजे एकीकडे ऐकायचे साधन दुर्मिळ करायचे आणि दुसरीकडे श्रोतेच उरले नाहीत म्हणून केंद्र बंद करायचे. एसटीच्या फेऱ्या कमी करत न्यायच्या आणि मग प्रवासी नाहीत म्हणून मार्ग बंद करायचा, हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे.

मध्यंतरी डिजिटल मध्यमलहरींचा मार्ग निघाला. आकाशवाणीने पस्तीसहून अधिक प्रक्षेपक त्यासाठी सिद्ध केले. आवाज स्वच्छ, वीज कमी, आणि पट्टीवरची जागा तीच. कल्पना उत्तम. पण तो ऐकायला वेगळा रेडिओ हवा, आणि तो सालदाराच्या आवाक्यात आलेला नाही. शिवाय डिजिटल आवाजाचा एक स्वभाव आहे: तो येतो तेव्हा पूर्ण येतो, आणि त्याच जागेवर दुसऱ्याचा जोर वाढला की एकदम गप्प होतो. जुन्या लहरीत दोन आवाज एकावर एक ऐकू येत आणि कान त्यातला आपला निवडून घेई. रेडिओ फिरवून ठेवण्याची सोय त्यात होती. एकाच विहिरीवर दोन मालक असतील तिथे ही सोय लहान नाही.

मध्यमलहरींनी खेड्यासाठी काय केले याचा पहिला मोठा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. ठरलेल्या दिवशी गावकरी एकत्र बसत, कार्यक्रम ऐकत, त्यावर वाद घालत, प्रश्न लिहून केंद्राला कळवत. त्या प्रयोगाचा अभ्यास जगात वाखाणला गेला आणि १९५९ पासून अशी मंडळे देशभर निघाली. तिथे सगळ्यांत महत्त्वाचा माणूस होता प्रश्न विचारणारा. आज केंद्रे बंद करताना त्याच माणसाला कोणी काही विचारत नाही, हे खटकते. जिथे मोठा मध्यमलहरी प्रक्षेपक बंद करायचा बेत असेल, तिथे आधी तालुक्या-तालुक्यात, दिवसा आणि रात्री, शेतात जाऊन पाहावे: दुसरे काय ऐकू येते? जिथे काहीच येत नसेल तिथले केंद्र चालू ठेवावे, मग खर्च कितीही वाटो. रस्ता आणि दवाखाना आपण नफ्या-तोट्यावर मोजत नाही. गावच्या भाषेतला सरकारी आवाज तरी का मोजावा?

इस्लामाबादचे नाव निघाले की काहींच्या कपाळावर आठ्या चढतील आणि ते म्हणतील, आपले केंद्र बंद झाले तर आपल्या शेतकऱ्याच्या कानात परका प्रचार जाईल. मला ही भीती फारशी वाटत नाही. इतकी वर्षे तो आवाज आमच्या धुऱ्यावर येत होता, आमच्यापैकी कोणी त्याने बहकल्याचे ऐकिवात नाही. उलट मेहदी हसन हे नाव माझ्या कानावर पहिल्यांदा पडले ते पाण्यात पाय सोडून बसलो असताना, नागपूरच्या बाजारभावांखालून. मला वाईट वाटते ते वेगळ्या कारणाने. त्या काट्यावर आपली जागा आहे, ती करार करून, जगाच्या पंक्तीला बसून मिळवलेली आहे. शेजारी बोलतो म्हणून तक्रार नाही. आपण बोलायचे थांबलो तर तो एकटाच बोलेल, आणि तो हरभऱ्यावरच्या घाटेअळीचे औषध सांगणार नाही.

आबा जाऊन बरीच वर्षे झाली. गेल्या हिवाळ्यात आसेगावला गेलो तेव्हा पुतण्याबरोबर रात्री शेतात गेलो. आता मोटार मोबाइलवरून सुरू होते, पण वाफे अजून हातानेच फोडावे लागतात. घरातल्या फडताळातून आबांचा ट्रान्झिस्टर काढून नेला होता. वाटेत दुकानातून नवे सेल घेतले. विहिरीवरच्या खोलीत लावला तर नुसती घरघर. थोड्या वेळाने लक्षात आले, वर एलईडीचा दिवा लागलेला होता. तो विझवला आणि पुतण्याच्या फोनचे चार्जर काढले तशी घरघर निवळली. काटा हळूहळू डावीकडे नेला. नागपूर होते. बाई काहीतरी सांगत होत्या, आणि त्यांच्या खाली, पाण्याच्या तळाशी हलावे तसे, आणखी कोणीतरी होते. भाषा कळण्याइतका तो आवाज वर येत नव्हता.

“काका, हे कोन बोलून रायलं मांगून?” पुतण्याने विचारले.

“नागपूराकडं तोंड कर त्याचं,” मी म्हटले.

त्याने खिशातून फोन काढला, नकाशा उघडून नागपूर कोणीकडे ते पाहिले आणि रेडिओ फिरवून पोत्यावर ठेवला. तेवढ्यात वीज आली. तो फावडे घेऊन वाफ्याकडे गेला, आणि बाईंचा आवाज पाण्याच्या आवाजात मिसळेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.